हिंसक गेममुळे मुलं हिंसक होतात का? भिवंडी, बेळगाव, हिंगोलीची प्रकरणं नीट वाचली तर काय दिसतं

मे महिन्यातली दुपार. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर, रस्ते सुनसान. घरात कुलर असलेल्या एकुलत्या एका खोलीत मामाकडे आलेली सगळी पोट्टी एका मोबाइलभोवती गोळा झालेली. मधूनच आरोळी उठते, "मागून येऊन राह्यला बे, मार त्याले!" स्वयंपाकघरातून आवाज येतो, "कोणाले मारून राह्यले रे?"

अमरावती-अकोल्याच्या घरांत हा प्रश्न एरवी गमतीनेच विचारला जातो. पण वर्ष-दोन वर्षांत एखादी बातमी अशी येते, की तोच प्रश्न आईबाप भीतीने विचारू लागतात. पबजीवरून भावाचा खून. मोबाइल दिला नाही म्हणून बापावर हल्ला. अशी बातमी व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर फिरते, खाली चार हात जोडलेल्या इमोजी येतात आणि त्या संध्याकाळी बऱ्याच घरांत मोबाइल हिसकावला जातो.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच. बंदुकीचे गेम खेळल्याने मूल खून-मारामारी करायला शिकतं, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. थोडी चिडचिड, आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी या गेमचा संबंध दिसतो, पण तो लहान आहे. भारतात ज्या घटनांमुळे हा वाद पेटला, त्या बारकाईने वाचल्या तर गेममधल्या बंदुकीपेक्षा वेगळीच गोष्ट समोर येते. आईबापांनी काळजी करायची ती तिची.

वाद आपल्याकडे कधी आला?

अमेरिकेत हा वाद १९७६ पासून आहे. त्या वर्षी 'डेथ रेस' नावाचा, गाडीने आकृत्या चिरडायचा गेम आला आणि लोक संतापले. आज ते काळे-पांढरे ठिपके पाहून हसू येईल. १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'वरून तिथल्या संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये गेमना वयाचं रेटिंग देणारी व्यवस्था उभी राहिली.

आपल्याकडे तेव्हा गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा मारिओ, नाहीतर सायबर कॅफेतलं काउंटर स्ट्राइक. कॅफेत तासाचे पैसे मोजावे लागत, त्यामुळे वेळेचा हिशेब आपोआप राहायचा. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. दोन-तीन जीबी रॅमच्या हँडसेटवरही चालणारा फ्री फायर त्याच काळात छोट्या शहरांत आणि गावांत पसरला. गेम पहिल्यांदाच मुलाच्या खिशात आला. खरं तर बापाच्या खिशात, आणि तिथून मुलाच्या हातात.

२०१९ च्या सुरुवातीला गोष्टी वेगाने घडल्या. जानेवारीत मुंबईतल्या ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पबजी हिंसा आणि आक्रमकता वाढवतो, त्यावर बंदी घाला, अशी मागणी होती. मार्चमध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी अधिसूचना काढून पबजीवर बंदी आणली आणि गेम खेळताना सापडलेल्या कॉलेजच्या मुलांना अटकही केली. भाजीच्या ठेल्यामागे बसून गेम खेळणं हा काही दिवसांपुरता गुन्हा ठरला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला हा गेम तपासा, आक्षेपार्ह आढळलं तर पावलं उचला, असं सांगितलं.

प्रकरणं नीट वाचली तर

'पबजीमुळे' या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या घटना दडपून बसवल्या जातात, ते पाहण्यासारखं आहे.

जून २०१९, भिवंडी. मोबाइलवर सतत पबजी खेळतो म्हणून मोठ्या भावाने रागावलं. १५ वर्षांच्या धाकट्याने कात्रीने वार केले. मोठा भाऊ १९ वर्षांचा होता, तो वाचला नाही.

सप्टेंबर २०१९, बेळगावजवळचं काकती. तरुण मुलगा पबजीत बुडालेला, वडिलांनी त्याला अडवलं. मुलाने वडिलांचा जीव घेतला. सीमाभागातली ती बातमी तेव्हा मराठी घरांत आठवडाभर चर्चेत होती.

जून २०२२, लखनौ. १६ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलातून आईवर गोळी झाडली. पबजी खेळू देत नव्हती म्हणून, असं पोलिसांनी सुरुवातीला सांगितलं. पुढे तपासाच्या बातम्यांत घरातल्या इतर ताणांचाही उल्लेख येऊ लागला. पण तोवर 'पबजी किलर' हे शीर्षक देशभर फिरून झालं होतं.

या तिन्ही घटनांत समान काय? मुलाने गेममधली एखादी चाल पाहून बाहेर तसंच केलं, असं एकाही ठिकाणी दिसत नाही. पबजीत कात्री नसते. तिन्हीकडे वाद सांगितला गेला तो गेम थांबवण्यावरून. रागावणं, अडवणं, खेळू न देणं. दारू सोडवताना जे भांडण होतं त्याच्या जवळचं हे आहे. सिनेमा पाहून केलेली नक्कल म्हणून त्याकडे पाहिलं की घटनेचा अर्थच चुकतो.

हिंगोलीची घटना तर हिंसेचीही नव्हती. मार्च २०१९ मध्ये विशीतले दोन तरुण रुळांजवळ बसून पबजी खेळत होते. अकोला-पूर्णा मार्गावर गाडी आली, त्यांना कळलंच नाही. हेडफोन लावून रेल्वे फाटक ओलांडताना जे होतं, तेच तिथे झालं. गाणी ऐकणारा असता तर कुणी गाण्यांवर बंदी मागितली नसती.

आणि जुलै २०२४, पिंपरी-चिंचवडमधलं किवळे. दहावीतल्या १५ वर्षांच्या मुलाने जीव दिला. खोलीत गेमच्या नकाशासारखी चित्रं आणि 'लॉगआउट' लिहिलेला कागद सापडला. काही महिन्यांपासून त्याच्या वागण्यात बदल झाल्याचं आईने माध्यमांना सांगितलं होतं. या घटनेत हिसकावणं नव्हतं. दार लावून घेतलेलं, घरातल्यांपासून हळूहळू तुटत गेलेलं एक मूल होतं. अशा वेळी गेम हे आजाराचं कारण असतं, की आधीच खचलेल्या मुलाने शोधलेला आडोसा, हे बाहेरून ठरवता येत नाही. पोलिसांना नाही, आणि बातमी देणाऱ्यांनाही नाही.

पाचेक वर्षांत चार-पाच टोकाच्या घटना, आणि त्याच काळात भारतात हा गेम डाउनलोड करणारे काही कोटी. गेम हेच कारण असतं तर हा हिशेब असा दिसला नसता.

मग संशोधन काय म्हणतं?

या विषयाची मुळं व्हिडिओ गेमच्याही आधीची आहेत. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला एका हवा भरलेल्या बाहुलीला बदडताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर बाहुलीला तसंच बदडलं. मुलं पाहून शिकतात, हे तेव्हापासून पाठ्यपुस्तकात गेलं. टीकाकारांचं म्हणणं साधं होतं. ती बाहुली ठोसे मारायलाच बनवलेली होती, आणि बाहुलीला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे.

गेमच्या बाबतीतही अडचण तीच. प्रयोगशाळेत खरी मारामारी लावता येत नाही, मग 'आक्रमकता' मोजायची कशी? एक पद्धत अशी : गेम खेळून झाल्यावर समोरच्याला हेडफोनमधून किती मोठा, किती वेळ कर्कश आवाज ऐकवायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचं. दुसरी पद्धत वऱ्हाडात हसू आणेल. तिखट न खाणाऱ्या माणसाला चाखायला किती तिखट सॉस द्यायचा, ते ठरवायचं. जास्त तिखट वाढलं की जास्त आक्रमक! ताटात रश्श्यावर तर्रीचा आणखी एक पळा ओतणारी आजी या मोजमापात थेट गुन्हेगार ठरेल.

थट्टा बाजूला ठेवू. अशा प्रयोगांत हिंसक गेम खेळणारे आवाज थोडा जास्त लावतात, सॉस थोडा जास्त देतात, असं अनेकदा दिसलं. पण आवाजाचं बटण फिरवणं आणि कात्री उचलणं यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि वाद त्या अंतरावरच अडला आहे.

प्रयोगशाळेबाहेर मुलांना काही महिने-वर्षं पाहणारे अभ्यास जास्त कामाचे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे २४ अभ्यास एकत्र तपासले. त्यात ९ ते १९ वयोगटातली १७ हजारांहून अधिक मुलं होती; अमेरिकेशिवाय जर्मनी, जपान, सिंगापूर अशा देशांतलीही. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढे जाऊन मारामारी किंचित जास्त दिसली. किंचित म्हणजे किती? एखादं मूल पुढे कसं वागेल हे त्याच्या गेमवरून ओळखायला गेलात, तर बहुतेक वेळा चुकाल, इतकी.

पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेम किती हिंसक ते त्यांनी मुलांना विचारलं नाही, अधिकृत रेटिंग वापरलं. मूल कसं वागतं ते पालकांकडून घेतलं. आणि आकडे कसे तपासायचे ते आधीच जाहीर करून टाकलं, म्हणजे नंतर सोयीचा निकाल निवडायला जागा राहू नये. संबंध सापडला नाही.

'आधीच जाहीर करणं' ही बारीकशी गोष्ट का महत्त्वाची? कारण या क्षेत्रात हवा तो निकाल निघेपर्यंत आकडे फिरवल्याचे आरोप झाले आहेत. नेमबाजीच्या गेमने खऱ्या पिस्तुलाचा नेम सुधारतो, असं सांगणारा एक गाजलेला अमेरिकी शोधनिबंध आकड्यांतल्या विसंगतींमुळे २०१७ मध्ये मागे घ्यावा लागला.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची भूमिका या सगळ्याचा मध्य गाठते. २०१५ मध्ये या संघटनेने हिंसक गेम आणि आक्रमक वागण्याचा संबंध मान्य केला होता. मार्च २०२० मध्ये ठराव सुधारून स्पष्ट केलं, की ओरडणं, ढकलणं अशा गोष्टींशी लहानसा संबंध दिसतो, पण गंभीर हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही. तसं केल्याने हिंसेच्या इतर कारणांकडे दुर्लक्ष होतं, हेही त्यांनी बजावलं.

इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. अमुक मुलगा गेम खेळतो आणि मारामारीही करतो, म्हणजे गेमनेच बिघडवला. मे महिन्यात अकोल्यात कुलरची विक्री वाढते आणि उष्माघाताचे रुग्णही वाढतात. कुलरने उष्माघात होतो असं कुणी म्हणत नाही. दोन्हीमागे ऊन असतं. मुलांच्या बाबतीत हे 'ऊन' घरात सापडतं. रोजची भांडणं, दारू, मार, शाळेतली छळवणूक. घरात मार खाणारं मूल पुढे हात उगारतं, याचा पुरावा गेमच्या पुराव्यापेक्षा कितीतरी जड आहे. आणि अशा घरातलं मूल मोबाइलमध्ये डोकं जास्त खुपसतं, यातही नवल नाही.

अमरावतीकरांना नोव्हेंबर २०२१ आठवत असेल. दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी आणि बंद इंटरनेट. ऑनलाइन गेम त्या दिवसांत आपोआप थांबले होते. खिडकीच्या फटीतून दिसणारी हिंसा मात्र चालूच होती, आणि ती करणारे मोठे होते.

मग गेमवरून उठवल्यावर मूल इतकं का भडकतं?

याचं उत्तर बऱ्याच अंशी गेमच्या रचनेत आहे, आणि घरात ते माहीत असायला हवं.

पबजी किंवा त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय यात १०० खेळाडू एका बेटावर उतरतात. खेळायचं वर्तुळ लहान होत जातं आणि शेवटी एक जण किंवा एक संघ उरतो. एक डाव २५-३० मिनिटं चालतो. तो मध्ये थांबवता येत नाही, कारण समोर खरी माणसं खेळत असतात. फ्री फायरमध्ये ५० खेळाडू आणि दहा-एक मिनिटांचा डाव. चौघांच्या संघातला एक मध्येच उठला तर उरलेले तिघे हरतात, त्याची रँक खाली येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकून घ्यावं लागतं. "थांब न बाप्पा, पाच मिन्टं" असं पोरगं म्हणतं तेव्हा ते बहुतेक वेळा खरं बोलत असतं. कॅरम उधळून दिल्यावर मोठी माणसंही चिडतातच की.

दुसरी गोष्ट बक्षिसांची. रोज लॉगिन केलं की काहीतरी मिळतं, एक दिवस चुकला की साखळी तुटते. नाणी भरून पेटी उघडायची. आत बंदुकीचं चकचकीत कव्हर निघेल की फालतू काही, ते नशिबावर. कधी मिळेल ते माहीत नसलेलं बक्षीस माणसाला सर्वात जास्त वेळ बसवून ठेवतं, हे कबुतरांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. लॉटरीचं दुकान याच तत्त्वावर चालतं. यात बंदूक असो की रंगीत गोळ्या, फरक पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेताना त्याच्या मुख्य खुणांत गेममधली हिंसा धरलेली नाही. २०२२ पासून लागू झालेल्या या यादीत तीन खुणा आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण वर्षभर चाललं आणि शिक्षण, घर, मैत्री कोलमडली, तर तो आजार. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस गेमला चिकटलेलं पोरगं आजारी नसतं. तीन महिने झोप चार तासांवर आलेला, क्लासला दांड्या मारणारा, मित्र तुटलेला मुलगा मात्र त्या वाटेवर असू शकतो, मग तो लुडो का खेळत असेना.

झोपेचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा. रात्री दोनला झोपून सहाला उठवलेलं कुठलंही मूल चिडकं होतं. अकोल्यात नीटच्या तयारीसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरं येऊन राहतात. खोलीवर आईबाप नसतात, दिवसभर क्लास असतो, त्यामुळे गेमची वेळ रात्रीचीच. त्या मुलाचा सकाळचा राग गेममधल्या रक्तामुळे आला, असं म्हणणं म्हणजे जागरणाला सोडून देणं आहे.

सरकारने बंदी घातली ती कशासाठी?

बऱ्याच वाचकांना वाटतं की पबजी हिंसेमुळे बंद झाला. तसं नाही. २ सप्टेंबर २०२० ला ११८ अॅपवर बंदी आली तेव्हा कारण देशाची सुरक्षा आणि डेटाचं होतं. गलवाननंतरचे दिवस होते ते. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला तोही याच कलमाखाली. त्याची 'मॅक्स' आवृत्ती चालूच राहिली, आणि पोरं एका दिवसात तिकडे सरकली.

बीजीएमआयची कथा आणखी बोलकी आहे. जुलै २०२१ मध्ये पबजीच्या दक्षिण कोरियन कंपनीने, क्राफ्टनने, तो भारतासाठी आणला, तेव्हा त्यात लाल रक्ताऐवजी हिरवं रक्त होतं. मरण्याऐवजी खेळाडू 'फिनिश' होऊ लागले. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि खर्चाची मर्यादा ७ हजार रुपये, तीही दिवसाला! जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. रक्ताचा रंग बदलल्याने वऱ्हाडातल्या कुठल्या घरातलं भांडण मिटलं, ते क्राफ्टनलाच ठाऊक. तीन तासांची मर्यादा त्यातल्या त्यात कामाची होती, पण पोरगं बापाच्या नंबरवरून खातं उघडतं आणि कागदावर बाप चाळिशीचा असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदाही पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणतो. ई-स्पोर्ट्सना तो उलट प्रोत्साहन देतो. सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. गेमसाठी आपल्याकडे तसं मंडळ नाही. प्ले स्टोअरवर नावाखाली बारीक अक्षरात वय लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला कुणी थांबत नाही.

कडक बंदीचा दाखला म्हणून चीन पुढे केला जातो. तिथे २०२१ पासून १८ खालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांना रात्री ८ ते ९, एवढंच ऑनलाइन खेळता येतं. त्याआधी २०१९ मध्ये घातलेल्या मर्यादांचा परिणाम संशोधकांनी प्रचंड डेटा घेऊन तपासला. जास्त वेळ खेळणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही.

आपल्या भागात काय करता येतं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातली बान्सी ग्रामपंचायत देशभर गाजली. १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी, असा ठराव तिने केला. कोरोनात शाळेसाठी हातात दिलेला फोन परत घेता येईना, ही अडचण खरी होती. पण ठराव मुलांपुरता होता. मोठ्यांचा फोन हातातच राहिला.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच वर्षी दुसरा मार्ग धरला. संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले मोबाइल आणि टीव्ही बंद. पोरांचे आणि मोठ्यांचेही. आईची मालिका, बापाच्या बातम्या, पोराचा गेम, सगळं एकाच भोंग्यावर थांबतं. वेळ आधीच ठरलेली असल्याने हिसकावणं नाही, आणि 'मलाच का?' हा प्रश्नही नाही. दोन ठरावांतला हा फरक घराच्या नियमांनाही लागू पडतो.

अमरावतीकरांना यासाठी फार लांब पाहायची गरज नाही. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात पिढ्यानपिढ्या मुलं कुस्ती, लाठी, मल्लखांब शिकली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचा चमू देशी खेळ दाखवून आला. लाठी फिरवायला शिकवून मुलांना हिंसक केलं, असा आरोप मंडळावर झाला नाही. तिथे समोर वस्ताद असतो, नियम असतात आणि मैदान सुटायची वेळ ठरलेली असते. मोबाइलमधल्या आखाड्यात यातलं एकही नाही. ते घरालाच पुरवावं लागतं. शिवाय मे महिन्यात सकाळी नऊनंतर मैदानावर थांबता येत नाही, हेही खरं. दुपारी अकरा ते पाच पोरांनी करायचं काय, याचं उत्तर दिल्याशिवाय फोन काढून घेणं म्हणजे अर्धंच काम.

मिनिटांऐवजी डावांत बोला, असं सांगावंसं वाटतं. 'अर्धा तास' म्हटलं की तो डावाच्या मध्येच संपतो. 'दोन मॅच' म्हटलं की थांबायची जागा मिळते. रात्री फोन मुलाच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा, आणि मोठ्यांचाही तिथेच. यूपीआयचा पिन मुलाला माहीत नसावा, प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागणारी सेटिंग सुरू असावी. गुगलच्या फॅमिली लिंकने वेळ बांधता येते, पण दहावीतलं पोरगं ते कसं फिरवायचं हे तुमच्याआधी शिकतं. एकदा शेजारी बसून पूर्ण डाव बघा. त्यातून मूल कोणाशी खेळतं, हेडफोनवर कोण बोलतं आणि काय शिव्या देतं, हे कळतं. शिव्यांचा प्रश्न बंदुकीपेक्षा बऱ्याचदा मोठा निघतो.

आणि चालू डावात हात घालून फोन ओढू नका. वरच्या तिन्ही घरांत वाद सांगितला गेला तो थांबवण्यावरूनच. मूल आधीच भडकलेलं असेल, वस्तू फेकत असेल, अंगावर येत असेल, तर त्या घडीला फोन जाऊ द्या आणि बोलणं दुसऱ्या दिवशीवर टाका. ही माघार नाही. पेटलेल्या चुलीवर कुणी रॉकेल ओतत नाही, तेवढंच.

मूल आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर येत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, मरण्याची भाषा बोलत किंवा लिहीत असेल, तर प्रश्न गेमचा आहे की आणखी कशाचा, हे घरी ठरवत बसू नका. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, अमरावतीत इर्विनमध्ये म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात विचारणा करता येते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मोबाइल-गेमच्या व्यसनासाठी २०१४ पासून खास 'शट' क्लिनिक चालतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पालकांनीही फोन केला तरी चालतो.